आईची अंजनी

१४ ऑक्टो. २००१
आबांनी आज पुन्हा अंजनीच्या बुंध्याशी कळशी रिकामी केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पावसात मुरलेली ओल अजून तशीच, त्यात हे.

ऑगस्टात आईची राख दारातल्या खड्ड्यात घातली, वर हे अंजनीचं झुडूप लावलं. नदीत सोडू नका, दारात झाड लावा, हे तिनंच सांगून ठेवलेलं. अंजनीही तिचीच निवड. माहेरच्या पठारावर कातळात उगवते, वाऱ्यामुळं गुडघ्याच्या वर जात नाही, पण बारा महिने हिरवी. मामानं मुळाच्या मातीसकट आणून दिली. आत्या अजून धुसफुसतेय. "वाडीला संगमावर न्यायची सोडून दारात पुरली."

२९ ऑक्टो.
पानं पिवळी. खालची गळायला लागली. मी म्हटलं, पाणी बंद करा. आबा : "तहानलंय ते. दिसत न्हाय व्हय तुला?" आता दुपारीही कळशी.

७ नोव्हें.
शाळेतून आले तर फाटकापासूनच वास. आबांनी साखर कारखान्यातून खत म्हणून मळीचं पोतं आणवलं, अंजनीच्या बुंध्याशी ढीग! सगळी हयात बिद्रीला कारखान्याच्या शेतीखात्यात गेली. उसाला जे मानवतं ते सगळ्यांना मानवतं, हा त्यांचा हिशेब.
"आबा, हे कातळावरचं झाड. याला खतपाणी नको असतं."
"म्हंजे तुझ्या आईला उपाशी ठिवू?"
ते आत गेल्यावर मळी ओढून जास्वंदीला घातली.

१८ नोव्हें.
मामा आला. माती उकरून हुंगली. "मुळं कुजाय लागल्यात गं. उपटून दे माझ्याकडं. पठारावरच्या मुरमात लावतो, जगंल."
उपटायची म्हणजे राखेत खणायचं. आबा ताटावरून उठले. मामा जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

१९ नोव्हें.
आत्याला बातमी पोचलीच. सकाळी दारात हजर. "खणणारच हाईसा तर राखबी काढा. दादा, अजून वाडीला जाऊया की!"
आबा एवढे ओरडले की शेजारचे बाहेर आले. "एकदा ठिवली तिथनं तिला हलवायची न्हाय!"
म्हणजे इथंच वाळू द्यायची. दारात, रोज डोळ्यांसमोर. मला ते बघवणार नाही.

२५ नोव्हें.
एक फांदी पूर्ण वाळली. आबा कळशी घेऊन निघाले आणि माझा तोल गेला. म्हटलं, आई होती तेव्हा स्वतःचा पाण्याचा तांब्यासुद्धा उठून घेतला नाहीत. तापातही तीच उठायची. आता कसल्या कळश्या ओतताय?
बोलले. बोलायला नको होतं असंही वाटत नाही. तरी रडू आवरेना.
आबा कळशी धरून उभेच. म्हणाले, "मग आता मी करू तरी काय तिच्यासाठी?"


२६ नोव्हें.
आबा जेवले नाहीत. पाणीही घातलं नाही. बुंध्याजवळची माती वरवर सुकलीय.

३० नोव्हें.
शेंड्याला चार पानं हिरवी आहेत. जुनीच की नवी, कळत नाही. मामाला अजून काहीच कळवलेलं नाही.

संध्याकाळी आबांनी कळशी भरली. मी अडवलं नाही. ते अंजनीपाशी पायरीवर बसलेत, भरली कळशी मांडीवर घेऊन. मी आत भाकरी थापतेय. थापता थापता हात थांबवते, पाणी पडल्याचा आवाज येतो का ऐकते. अजून नाही.