मधल्या जागेत काय असतं

९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. बाबांची झोप पार उलटी झाली आहे आणि त्यांच्यापायी माझीही. काल त्यांनी मोरीतली भरलेली बादली आणून पलंगाखाली ठेवली. का, तर म्हणे सकाळपर्यंत लादी धरेल. जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला, तो काही डोक्यातून जात नाही. आधी मी हसले, मग फरशी पुसली.

शाळेत तर नाकच कापलं गेलं. सातवीला पदार्थाच्या अवस्था शिकवत होते. सगळं कणांचं बनलेलं असतं आणि कणांच्या मधे मोकळी जागा असते, असं सांगितलं. एका मुलीने विचारलं, त्या जागेत काय असतं? मी बेधडक म्हणाले, हवा. ती म्हणाली, मग बाई, हवेच्या कणांच्या मधे? मी फळा पुसायला वळले. मुख्याध्यापिका नेमक्या मागच्या बाकावर. म्हणाल्या, हाच पाठ पुन्हा घ्या, मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते बघू. पण तयारी करायला डोकं ठिकाणावर हवं ना!

म्हणून दोन मागण्या आहेत. बाबांच्या जागी तू त्याच कारखान्यात लागलास, तेव्हा हे कणांचं प्रकरण मला नीट समजावून सांग. आणि बाबांना दोन महिने तुझ्याकडे ने. नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल. थकले आहे रे मी.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी ठमी


१४ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अगं बाई, मधे हवा कुठली? काहीच नसतं. नुसती रिकामी जागा. हवासुद्धा कणांचीच, आणि त्या कणांच्या मधेही काही नाही. एवढी शिकलीस आणि असं कसं बोललीस!

आमच्याकडे साच्यात पाणी ओततो, तेव्हा कण एकमेकांना धरूनही असतात आणि एकमेकांवरून घसरतही असतात. म्हणून पाणी साच्याचा आकार घेतं. गारठा चढला की त्यांची धावपळ मंदावते आणि ते आपापली जागा पकडतात. स्वस्थ मात्र बसत नाहीत, जागच्या जागी थरथरत राहतात. बर्फात ते पाण्यापेक्षा ऐसपैस बसतात, त्यामुळे साचा काठोकाठ भरायचा नसतो. नवा माणूस हमखास भरतो आणि लादी वर फुगून येते. ही खोड पाण्याची, बाकीचे पदार्थ बहुतेक गोठताना आक्रसतात. वायूचे कण मात्र कोणालाच धरून राहत नाहीत. थंडाव्यासाठीच्या अमोनियाचा नळ इकडे जरा झिरपला की पार तिकडच्या टोकाचा माणूस नाक दाबतो. कण आपले आपण पसरतात, मिळेल तेवढी जागा व्यापतात.

इकडे माणसं कमी, दोन पाळ्या ओढतोय. अंग मोडून आलंय. वहिनीचा गुडघा तसाच. बाबांना नमस्कार सांग आणि तब्येतीला जप.

आशीर्वाद आहेतच.

दादा


२१ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कणांवर एवढं लिहिलंस आणि बाबांच्या वाट्याला एक नमस्कार! माझी दुसरी मागणी तुला दिसली नाही, असं मी धरून चालू का? फार राग आला मला.

पाठ झाला. एरवी बाबांपाशी बसणारी शेजारीण बाहेरगावी, त्यामुळे बाबांना बरोबर न्यावं लागलं. खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. बाकं भिंतीला सारून मी मुलांनाच कण केलं. आधी सगळे ओळीने, हात धरून, जागेवरच थरथरत उभे, म्हणजे स्थायू. तेवढ्यात बाबा उठले आणि ओळीतल्या शेवटच्या मुलीचा हात धरून उभे राहिले. थरथरायला त्यांना शिकवावं लागलं नाही. मुलं हसली, मी हसू दिलं. मग म्हटलं, ऊब लागली, आता द्रव व्हा. मुलं हात सोडून खेटून सरकू लागली. बाबाही त्यांच्यात फिरले, खुशीत होते. मग म्हटलं, वायू. पोरं चारी दिशांना पांगली, काही तर व्हरांड्यात पोचली. मधे बाबा एकटेच उरले, हात पुढे केलेला. मोठ्याने म्हणाले, "आमचा थोरला कुठे गेला?"

मी तो हात धरून त्यांना खुर्चीपाशी नेलं. मुख्याध्यापिका भल्या आहेत, पाठ आवडला म्हणाल्या. पण वडिलांना रोज वर्गात बसवता येणार नाही, महिनाअखेरीला काय ते सांगा, असंही म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. तुझी विनवणी करायचं त्राण आता माझ्यात नाही.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

ठमी


१ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. मला दारात बघून तू बाबांच्या कपड्यांची पिशवी तेवढी पुढे केलीस. राजीनामा फाडलास ना? नसेल तर आता फाड.

साहेबांच्या मागे लागून एक पाळी सोडवून घेतली. बाबा वहिनीच्या हातून निमूट जेवतात. मला मात्र ओळखत नाहीत. त्यांच्या लेखी मी पाळीवरचा कोणी मदतनीस. थोरला कधी येणार, हे मलाच विचारतात. मीच तो, असं सांगून बघितलं, पण त्यांना ते पटेना. आता म्हणतो, येईल. वाईट वाटतं गं, फार वाटतं. दोन दिवसांत माझी ही गत, तू कसे दिवस काढलेस कोण जाणे.

राग उतरेल तेव्हा उतरू दे, पत्र मात्र टाकत जा.

हे लिहितोय आणि बाबा शेजारी बसलेत. कोणाला लिहितोस, म्हणून विचारलं. ठमीला, म्हटलं. मग म्हणाले, "तिला लिही, झोप म्हणावं. मी जागा आहे."

तसं लिहिलंय. आता झोप.

दादा