वाटाड्या मागे वळत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं. नंतर श्रेयाला वाटेकरी फार.

काम असं: प्राण्यांच्या दवाखान्याचं अ‍ॅप. कुत्र्या-मांजरांच्या मालकांनी फोनवरून डॉक्टरांची वेळ घ्यायची, रिपोर्ट बघायचे. त्यात माणसाला एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर न्यायचं, याला आमच्यात नेव्हिगेशन म्हणतात. आमच्या टीमप्रमुख मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, हे कोण घेतं. मी हात वर केला. शेजारच्या टेबलावरची म्हणाली की अँड्रॉइडने यासाठी तयार साधन दिलेलं आहे, तिने परवाच वाचलंय. ही कायम वाचत असते. मी तिचं नाव ग्रंथपाल ठेवलंय. मनातल्या मनात.

मी म्हटलं, तयार कपडे आणणाऱ्याला कुणी शिंपी म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, बरं, शिवा.

मॅडम एप्रिलमध्ये दुसऱ्या ऑफिसात जाणार आहेत. त्यांची खुर्ची कुणाला, हे उघड आहे. जाहीर तेवढं व्हायचंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या नेव्हिगेशन इंजिनचं नाव ठरलं: वाटाड्या. कोड उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कोड सोमवारपासून. लोगो करण्यात वेळ गेला. पाया पक्का हवा.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाटाड्या चालू! बटण दाबलं की स्क्रीन हजर. दुपारी स्वतःला चहा पाजला.

तत्त्व लिहून ठेवतो. अँड्रॉइडमध्ये नवा स्क्रीन जुन्याच्या डोक्यावर बसतो, ताटावर ताट ठेवावं तसा. बॅक दाबलं की वरचं ताट उचललं जातं, खालचं दिसतं. ग्रंथपालचं म्हणणं, काम झालेली ताटं काढून टाकायची असतात, लॉगिनचं तर सगळ्यात आधी. मी विचारलं, पुढे जाण्यासारखं इतकं असताना माणूस मागे का जाईल?

ती म्हणाली, चुकून.

माझ्या अ‍ॅपात चुकून काही होत नाही. हे वाक्य बरं जमलं. मॅडमसमोर वापरावं.

आणखी एक करामत. 'वेळ पक्की' हा स्क्रीन उघडला की डॉक्टरांची पुढची मोकळी वेळ आपोआप नोंदवली जाते. वेगळं बटण नाही. लोकांचे अंगठे मला दुवा देतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सासऱ्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात, आणि त्यांच्याबरोबर सासूबाईंची मांजर. सासूबाई तिला बाईसाहेब म्हणायच्या, तेच नाव चालू आहे. बाईसाहेब सासऱ्यांच्या उशाशी झोपतात आणि माझ्याकडे पाहत नाहीत.

सासरे होम स्क्रीनवर गेले, बॅक दाबलं. लॉगिन आलं. लॉगिनने पाहिलं, हे तर आधीच आत आहेत. पुन्हा होमवर पाठवलं. पुन्हा बॅक, पुन्हा होम. सभ्य माणूस. बराच वेळ दाबत राहिले. शेवटी म्हणाले, जावईबापू, आत सगळं छान आहे, पण बाहेर कसं पडायचं?

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी शांतपणे सांगितलं की पाहुणा निघतो म्हणाला की लगेच दार उघडत नाहीत, बसा हो म्हणतात. सासऱ्यांना पटलं. निदान त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी कोड तपासला. ग्रंथपालही बसली होती, कुणी बोलावलं कोण जाणे. तिने माझा फोन उचलला आणि आडवा केला. बस, एवढंच. 'वेळ पक्की' स्क्रीन आडव्या मापात बसायला मोडला, पुन्हा बनला, आणि बनताना आणखी एक वेळ नोंदवून बसला. फोन उभा केला. आणखी एक.

मी विचारलं, दवाखान्याची वेळ घेताना माणूस फोन आडवा कशाला करेल? काय सिनेमा बघतोय?

मॅडम म्हणाल्या, बुधवारी दवाखान्यात अ‍ॅप चालू होतंय, त्याआधी हे दुरुस्त हवं. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझं काय जातं?

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाबा तर कायम आडवे पडून फोन बघतात. मी म्हटलं, तुझे बाबा आडवे पडतात, फोन नाही. ती म्हणाली, तू एकदा ते काय ते वाचून का बघत नाहीस? घरातही ग्रंथपाल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती केली. 'वेळ पक्की' स्क्रीनवर खाली सूचना लिहिली: कृपया फोन उभा धरावा. अक्षर लहान ठेवलंय, उगाच डोळ्यांत खुपायला नको. मॅडमना कळवलं, काम झालं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अ‍ॅप दवाखान्यात चालू झालं. डॉक्टर हुशार गृहस्थ, बोलायला जरा तिखट. त्यांनी विचारलं, गर्दीच्या दिवशी गडबड नाही ना होणार? मी ठेवणीतलं वाक्य वापरलं: माझ्या अ‍ॅपात चुकून काही होत नाही. मॅडम त्या वेळी नेमक्या फोनवर होत्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईसाहेबांनी सकाळपासून तोंडाला काही लावलेलं नाही. लाळ गळतेय. सासरे बशी घेऊन तिच्यामागे फिरतायत. मी ऑफिसातून येईपर्यंत त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. बायको म्हणाली, आत्ताच दवाखान्यात फोन करू. मी म्हटलं, फोन कशाला, घरात अ‍ॅप बनवणारा बसलाय.

सासऱ्यांनी स्वतः वेळ घेतली. उद्या सकाळची, पहिली. मला दाखवली. मी बायकोकडे पाहिलं. ती मांजरीकडे पाहत होती.

जेवण झाल्यावर सासरे पलंगावर कुशीवर पडून पुन्हा पुन्हा अ‍ॅप उघडून वेळ बघत होते. मांजर छातीशी. बघून बरं वाटलं. वापरणाऱ्याचं एवढं प्रेम किती अ‍ॅपना मिळतं?

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

आज जे झालं त्याला अनेक बाजू आहेत. माझी आधी लिहितो.

सासरे कुशीवर पडले होते. म्हणजे फोन आडवा. मग पाण्यासाठी उठले, म्हणजे उभा. पुन्हा पडले. शिवाय काळजीने वेळ उघडून बघत राहिले. दर वेळी 'वेळ पक्की' स्क्रीन नव्याने बनत गेला आणि पुढची मोकळी वेळ नोंदवत गेला. दवाखान्याची आजची सगळी सकाळ बाईसाहेबांच्या नावावर झाली.

सूचना तिथे होती. फोन उभा धरावा. लिहिलेलं वाचायचंच नाही तर लिहून काय उपयोग?

डॉक्टरांचा फोन मॅडमना, मॅडमचा मला. कुणाच्या तरी कुत्र्याने मोजा गिळला होता. अ‍ॅप मालकाला म्हणालं, आज जागा नाही. त्या माणसाने त्याला उचलून गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. मोजा निघाला, कुत्रा बरा आहे. मी मॅडमना म्हटलं, शेवट गोड झाला ना? मॅडमनी फोन ठेवला.

बाकीचं बायकोने सांगितलं. ती बाबांबरोबर गेली होती. दवाखान्यात लोक पिंजरे, टोपल्या घेऊन तसेच येऊन थांबले होते. आतून पुकारा झाला: बाईसाहेब. सासरे मांजर घेऊन आत गेले. दात किडला होता, काढला. बाहेर आले तर पुन्हा पुकारा: बाईसाहेब. नंतर पुन्हा. लोक बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, एकट्या मांजरीचा एवढा थाट? तेव्हा सासरे सगळ्यांसमोर उभे राहिले, हात जोडले, म्हणाले की चूक माझी आहे, मला फोन नीट वापरता येत नाही, माझ्या बाकीच्या सगळ्या वेळा काढून टाका आणि यांना आत घ्या. मग शेवटच्या माणसाचं होईपर्यंत तिथेच बसून राहिले. मांजर मांडीवर.

अ‍ॅप जावयाने बनवलंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी म्हटलं, माझं नाव फुकट मिरवायचं नाही, हा त्यांचा मोठेपणा. बायको उठून आत गेली. नंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लागत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांशी बोलायला गेलो. मनात वाक्य तयार होतं: सूचनेचं अक्षर मोठं करतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका, माझं वयच झालंय, तुमचं अ‍ॅप चांगलंच आहे.

मी ठीक आहे म्हटलं आणि बाहेर आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मीटिंग. वाटाड्या काढणार. ग्रंथपाल तयार साधनावर सगळं नव्याने उभं करणार. मी अर्धा तास बाजू मांडली. म्हटलं, वाटाड्यात दोष नाही, काळाच्या पुढे आहे. ग्रंथपालने विचारलं, मग काळ आडवा केला तर? सगळे हसले. मीही हसलो, विनोदबुद्धी आहे मला.

मॅडमनी सांगितलं, डॉक्टरांची फोनवर माफी मागा. मी फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे ज्यांच्या अ‍ॅपात चुकून काही होत नाही ते तुम्हीच का? मी म्हटलं, होय. माणसाची ओळख त्याच्या कामावरून व्हावी, ती अशी.

माफी मागायची राहिली. फोनची रेंज गेली होती. साधारण तेव्हाच.

३ मार्च, सोमवार

ग्रंथपालचं काम आठवड्यात झालं. मी मुद्दाम चुका शोधायला बसलो. फोन आडवा केला, उभा केला, उलटा केला, उशीखाली ठेवून काढला. वेळ एकदाच नोंदवली गेली. संशयास्पद आहे. इतकं सरळ चालणारं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

तिने विचारलं, काही सापडलं का. मी म्हटलं, रंग जरा फिका आहे. तिने तो गडद केला आणि आभार मानले. अशा माणसांशी भांडायचं तरी कसं?

५ मार्च, बुधवार

मॅडमनी मला स्वागताचा स्क्रीन दिला. अ‍ॅप उघडताना आधी दवाखान्याचं चित्र दिसतं आणि मग आपोआप होम येतं, तो. बायको म्हणाली, सोपं काम दिलंय तुला. मी तिला समजावलं: अ‍ॅपात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे येणार. पहिला मान माझा.

चित्रात पंजा उमटवतोय. एकामागून एक चार पंजे, मग शेपूट हलते, मग नाव. घाई करायची नाही. लोकांना बघू दे.

१४ मार्च, शुक्रवार

मॅडमच्या खुर्चीची घोषणा. ग्रंथपाल.

टाळ्यांमध्ये सगळ्यात जोरात टाळी माझी होती. कुणीही विचारावं. वाईट मुळीच वाटलं नाही. खुर्चीत बसणारे बसतात. काम करणारे पंजे उमटवतात. जेवण मात्र आज गेलं नाही. ऑफिसातला एसी.

१९ मार्च, बुधवार

नव्या मॅडमनी बोलावलं. एप्रिल उजाडायचाय, कारभार आतापासूनच त्यांच्याकडे. मनातल्या मनातलं नाव आता बदलावं लागेल. म्हणाल्या, नव्या फोनवर अ‍ॅप उघडताना फोन स्वतःच चित्र दाखवतो, आपल्याला वेगळा स्क्रीन लागतच नाही. लोकांना आधी फोनचं चित्र दिसतं, मग तुमचे पंजे, मग शेपूट. तक्रारी आल्यायत. मी विचारलं, शेपटीबद्दल? म्हणाल्या, सगळ्याबद्दल. स्क्रीन काढला.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांचा निरोप आला: अ‍ॅप आता चटकन उघडतं, सगळे खूश आहेत. सासरेही म्हणाले, दाबलं की येतं.

विचार केला. माझा भाग काढला आणि वेग वाढला. म्हणजे वेग वाढला तो शेवटी माझ्यामुळेच. हे वेळीच नोंदवलं गेलं पाहिजे, म्हणून नव्या मॅडमच्या टेबलाशी जाऊन स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर.