लेबलवरचं कुंकू

प्रिय बाबा,

उद्या खंडेनवमी. गराजमधली तुमची सेफ रिकामी आहे. "पाटावर काय मांडायचं गं?" आईने सकाळी विचारलं. ते ठरवायलाच तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यामागे काडतुसं घरात ठेवायचं लायसन्स ना आईकडे, ना माझ्याकडे. तुमच्या क्लबमधला रॉन जुन्या काडतुसांचा लायसन्सवाला डीलर आहे. शनिवारी तो तुमच्या जुन्या काडतुसांचा सगळा संग्रह न्यायला पॉइंट कुकला आपल्या घरी आला. एवढा काटेकोर माणूस तुम्ही, याचा विचार आधी कसा केला नाहीत?

जुनं काडतूस ओळखायचं कसं, हे तुम्हीच शिकवलंत. आधी बुडावरची अक्षरं, मग पितळेचा रंग, मग खोक्याचं लेबल. काही पुसायचं नाही. खोकं आणि काडतुसं वेगळी करायची नाहीत. आई एकदा पूजेची भांडी घासताना चिंच घेऊन गराजमध्ये आली, तेव्हा केवढे ओरडलात! "अगं, समई आहे का ती? त्या काळपटपणावरून वय कळतं!"

आणि दुसऱ्याच दिवशी, खंडेनवमीला? जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचं तुमचं सगळ्यात दुर्मीळ खोकं, मूळ लेबल शाबूत, आणि त्यावर तुम्ही स्वतः कुंकवाचं ओलं बोट टेकवलंत!

"बाबा, लेबल!"

"पूजा म्हणजे पूजा," तुम्ही म्हणालात. मला ते पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही.

रॉनने तेच खोकं तुमच्या भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिला. "हा लाल मार्क मी कुठेच पाहिला नाही, मेट. फॅक्टरीच्या इन्स्पेक्टरचा स्टॅम्प असेल?"

"नो. दॅट्स माय डॅड."

त्याने भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "साफ करता येईल. किंमत वाढेल."

मी भिंग घेतलं. कुंकवात तुमच्या बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

"साफ करायचं नाही. विकायचंही नाही," मी म्हटलं.

"मग क्लबची मेंबर हो, लायसन्सला अप्लाय कर. तोवर सगळा संग्रह माझ्याकडे राहील. नो वरीज."

अर्ज काल भरला, बाबा. उद्या पाटावर तुमचं भिंग आणि माझा मापं घ्यायचा व्हर्निअर मांडू. संग्रह परत आला की ते खोकंही मांडेन, काडतुसांसकट. फूल बाजूला वाहीन. त्या लेबलवर दुसरं बोट कोणाचंही लागणार नाही, माझंसुद्धा.

तुमची,
ईशा