नाव ठेवण्यावरून

म्युनिक, ९ जुलै १९९८

प्रिय प्लाचिदो,

तुला, वहिनींना आणि मेस्सीना बंदरावरच्या समस्त रिकामटेकड्यांना आम्हा दोघांचा नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. अगातिनाचे पाय सुजलेत आणि माझं डोकं, एवढंच.

सामुद्रधुनी ओलांडताना आपल्याच बोटीवर मी पहिल्यांदा उतारू म्हणून बसलो. छत्तीस वर्षं तू आणि मी आगगाडीचे डबे त्या बोटीत चढवले, पलीकडे सोडले आणि परत आलो. पलीकडच्या पुढे कधी गेलो नाही. नव्या लोकांनी साखळ्या अशा आवळल्या होत्या की मला बसवेना. उठून दोन गोष्टी सुनावल्या. अगातिना म्हणाली, "बस खाली. तू रिटायर झालास हे बोटीलासुद्धा कळलंय, तुलाच तेवढं कळायचंय."

रोममध्ये भाजून निघालो, इथे कुडकुडतोय. कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. पण खोटं कशाला बोलू, मजा येतेय. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कधी फिरलो नव्हतो.

उद्या हांबुर्ग, तिथून परत. तू विचारशीलच, एवढे वर पोचलात तर कोपनहेगनला लेत्तेरिओकडे का जात नाही? नाही जात. माझा मुलगा असेल, पण तीन वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. कारण विचारू नकोस. माझा नातू, छोटा कोसिमो, मजेत असेल. आता तीन वर्षांचा झाला. विषय संपला.

तुझा,
कोसिमो


बोटीवरून, ११ जुलै

प्रिय प्लाचिदो,

घरी सगळे बरे असतील. मला अगातिनानं शेंडी लावली.

हांबुर्गला काल मला म्हणते, "तू सांगत असतोस ना, आगगाडी बोटीत चढवावी ती आपणच? इथून दोन तासांवर ही माणसंही चढवतात म्हणे."

"हॅ! ही काय चढवणार!"

"मग चल की बघायला. का भीती वाटते?"

आता असं म्हटल्यावर मी मागे राहतो होय!

प्लाचिदो, हे कुणाला सांगू नकोस. त्यांनी गाडी तोडलीच नाही. आपण डबे सुटे करा, इंजिन मागे घ्या, पुढे घ्या, घामाघूम होतो. इथे अख्खी गाडी आपल्या पायांनी चालत बोटीत शिरली आणि गप उभी राहिली. मी वाकून रूळ बघत होतो, तर एका खलाशानं हटकलं. भाषा कुठली येतेय! मी तळहात पुढे केले. त्यानं घट्टे पाहिले, स्वतःचे दाखवले आणि मला सगळं हिंडवून आणलं. फार बरं वाटलं.

वर आलो तर अगातिना म्हणाली, "झालं बघून? आता ऐक. तिकिटं परतीची नाहीत, कोपनहेगनची आहेत. स्टेशनवर लेत्तेरिओ येतोय."

"मी उतरणार नाही."

"नको उतरू. गाडीतच बस. रात्री यार्डात नेऊन ठेवतील तुला."

म्हणून हे घाईनं लिहितोय. तुला एक सांगायचंय, ते तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. छोटा कोसिमो नावाचं कुणी नाही. पोराचं नाव आरोन आहे.

इथंच घोडं पेंड खातंय बघ. आपल्याकडे पहिल्या नातवाला आजाचंच नाव. मी लेत्तेरिओला माझ्या बापाचं नाव दिलं, तुझ्या नातवाला तुझं नाव मिळालं. आजा धडधाकट असताना त्याचं नाव नातवाला दिलं नाही, म्हणजे आजाला जिताजागता पुरलाच की. पोर झाल्याची खबर आली त्या दुपारी मी सगळ्या बारला बदामाची बर्फाळ ग्रानीता खिलवली, "कोसिमो आला" म्हणून. संध्याकाळी लेत्तेरिओचा फोन. "बाबा, नाव आरोन ठेवलंय, जरा ऐक..." मी फोन आपटला. मग कुठल्या तोंडानं तुम्हाला सांगणार? तू बाळासाठी दिलेला, 'कोसिमो' कोरलेला चांदीचा चमचा माझ्याच खणात पडलाय. माफ कर. लाज वाटते.

किनारा दिसायला लागला.

कोसिमो


कोपनहेगन, १४ जुलै

प्लाचिदो, माझ्या भावा,

उतरलो. लघवीला लागली म्हणून उतरलो, असं अगातिनाला सांगितलं.

लेत्तेरिओला टक्कल पडलंय. मी त्याच्याकडे न बघता बॅगा उचलल्या. घरी जेवायला हेरिंग मासा, तोही गोड! माशात साखर घालतात रे ही माणसं. मी तीन घास गप्प गिळले आणि मग राहवेना. म्हटलं, "माझ्या नावात अशी काय खोट होती?"

मग सून, मिर्याम, बोलली. आपली भाषा ती मोडकी बोलते, पण तिखट बोलते.

"तुमच्यावर राग असता ना, तर तुमचंच नाव ठेवलं असतं!"

"म्हणजे काय?"

"आम्ही ज्यू. आमच्या घरात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. गेलेल्याचं देतात. आरोन माझे आजोबा. तुमचं दिलं असतं, तर यमाला वाटलं असतं, कोसिमोची पाळी आली. मी नुसता विषय काढला, तर माझी आजी किंचाळली, 'सासऱ्याचं? त्या बिचाऱ्यानं तुझं काय वाईट केलंय?'"

प्लाचिदो, अपशकुन टळावा म्हणून मी हात लावायला लोखंड शोधू लागलो. मेलं सगळं घर लाकडाचं! शेवटी काटाच मुठीत धरला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची टेबलाखाली शिंगं केली, उगाच जोखीम नको.

लेत्तेरिओ हसत सुटला. "तीन वर्षं हेच सांगायचं होतं, बाबा. पण तू पहिल्याच वाक्याला फोन आपटलास."

मी अगातिनाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कितींदा बोलायला गेले! लेत्तेरिओ म्हटलं की तू रेडिओ मोठा करायचास."

मी उठून लेत्तेरिओला मिठी मारली आणि रडलो, तुझ्यापासून काय लपवू. नातवाचं पहिलं पाऊल गेलं, पहिला शब्द गेला. माझं नाव ठेवलं नाही म्हणून मी त्यांना नावं ठेवत बसलो, आणि ही मुलगी तिकडे माझा जीव राखत होती. आता आरोन माझ्या मांडीवरून उतरत नाही. काल त्याला साखळीची गाठ शिकवली.

आणखी एक बातमी. मिर्यामला नोव्हेंबरात दुसरं होणार आहे. काल लेत्तेरिओ म्हणाला, "बाबा, मुलगा झाला आणि तुझं मन फारच असेल, तर कोसिमो ठेवू. मिर्याम हो म्हणतेय."

ती खरोखरच हो म्हणत होती. चेहरा पांढराफटक पडला होता, पण माझ्याकडे बघून तिनं मान हलवली.

"खबरदार!" मी ओरडलो. "माझ्या नावाला कुणी हात लावायचा नाही. मला ते अजून पुष्कळ वर्षं लागणार आहे."

बारमध्ये सगळ्यांना सांग, नातवाचं नाव आरोन. का, तेही नीट सांग. आणि कुणी हसलं तर त्याचं नाव लिहून ठेव.

तुझा,
अजून तरी एकुलता एक,
कोसिमो