आडव्या माणसाची लिफ्ट

मी, डॉ. पद्मनाभ राव, जन्म तंजावरचा, मुक्काम वेलचेरी, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि मोडलेल्या खुब्यासह लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. गिरिधर यांनी दिला आहे, मॅनेजमेंटला न विचारता. वकील रामस्वामी म्हणाले, इंग्रजीत लिहा. पण भांडण जावयाशी आहे, ते घरच्या भाषेत, मराठीतच झालेलं बरं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी अवनी हिला.

२. रुग्णालय मी आणि माझी पत्नी कै. डॉ. कनका, आम्ही दोघांनी काढलं. तिचा दंडक होता की पेशंटसाठी जे घ्यायचं ते आधी डॉक्टरनं वापरून बघायचं. नव्या खाटेवर ती स्वतः झोपायची. कँटीनचं रसम् पहिल्यांदा मला पाजायची. बेडपॅनची हकिकत इथे देत नाही.

पुढे जावई सिद्धार्थ पुण्याहून एमबीए होऊन आले. मीच कौतुकानं त्यांच्या हाती कारभार दिला. नवी लिफ्ट घेताना मी म्हटलं, "अहो, अंबुजाला तरी विचारा." अंबुजा आमची भूलतज्ज्ञ. ते म्हणाले, "बाबा, डॉक्टरांनी पेशंट बघावेत. बिल्डिंगचं आम्ही बघतो."

बघितलं! लिफ्टमध्ये आरसा आहे, वीणेचं संगीत आहे, फक्त स्ट्रेचर मावत नाही. हे कळलं कधी, तर मी न्हाणीघरात घसरून पडलो तेव्हा. सिद्धार्थ म्हणाले, "बाबा, जरा बसता का?" अय्यो रामा! मोडक्या खुब्यानं बसू? चार वॉर्डबॉयनी मला जिन्यानं वर नेलं. वाटेत मी जावयाला जे बोललो ते तमिळमध्ये होतं, म्हणून नातं टिकलं.

३. मी गेल्यावर मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांच्या बाजूनं बोलणारं कुणी उरणार नाही, हीच एक काळजी मला लागून राहिली आहे. म्हणून रुग्णालयातला माझा हिस्सा अर्धा अवनीला, अर्धा डॉ. अंबुजाला. अंबुजानं प्रत्येक मीटिंगला बसावं आणि भांडावं. कनकाचा पितळी कॉफी फिल्टरही तिलाच. भांडताना लागेल.

४. सिद्धार्थ यांना ते स्ट्रेचर. नव्या वस्तूच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी त्यावर आडवं होऊन ती वापरून बघावी. माणूस वाईट नाही. रोज उशाशी बसून माझं डोकं दाबून देतात. काल टेप घेऊन स्ट्रेचर मोजत होते. मी झोपेचं सोंग घेतलं, पण डोळे भरून आले.

५. माझा देह लिफ्टनंच खाली न्यावा, आडवा. बसून मी जाणार नाही. लिफ्ट मोठी होईपर्यंत मरण्याचा बेत पुढे ढकलला आहे, याची मॅनेजमेंटनं नोंद घ्यावी.

सही: डॉ. पद्मनाभ राव
साक्षीदार: डॉ. गिरिधर राव, सिस्टर भवानी
ठिकाण: वेलचेरी, चेन्नई, रुग्णालयाचा दुसरा मजला (अजून)
दिनांक: ९ ऑगस्ट २००७