रुतिकाच्या तारा आणि माझी अक्कलदाढ

वाशी,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. सौ. सरोजिनीवहिनींना दमयंतीचा नमस्कार. (मान खाली केली की गालात ठणका उठतो, म्हणून वाकून केलेला नाही. मनाने मात्र पुरेपूर आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला गेला का, की अजून पहाटे ओट्यावर बसून विडी ओढतो आणि दोष दवाला देतो? रेवदंड्याला बाकी सगळे ठीक असेल असे धरून चालते. आम्ही तिघे इथे बरे आहोत. तिघांपैकी मला सध्या फारसे बोलता येत नाही, आमचे हे नेहमीप्रमाणे बोलत नाहीत आणि तुमची लेक बोलायची थांबत नाही.

तुमचे पत्र मिळाले. थळचे पाहुणे दिवाळीनंतर रुतिकाला बघायला येणार, त्याआधी तिच्या दातांच्या तारा काढून टाकाव्यात. ते जमत नसेल तर तिने तोंड मिटून बसावे आणि बोलण्याचे काम मी करावे, असे तुम्ही लिहिले आहे. तोंडात लोखंड असलेली मुलगी कोण करून घेईल, हा प्रश्नही वाचला. वहिनी, ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली तेव्हा हे तारांचे खूळ मलाही पसंत नव्हते. आपल्या घराण्याचे दात पुढे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यावाचून कुणाचे अडलेले नाही, असे मी तिला सुनावले होते. मग एक दिवस पाहिले, पोरगी मैत्रिणींत हसते ती तोंडावर ओढणी धरून. त्यानंतर मी सुनावणे बंद केले. आता उपचार निम्म्यावर आला आहे. डॉक्टर उझमा (पनवेलकडची मुलगी, हात हलका, बोलणे मोजके) म्हणतात, की मध्येच तारा काढल्या तर सगळे दात हळूहळू जुन्या जागी परततील आणि केलेली मेहनत पाण्यात जाईल. तेव्हा तारा काढण्याचा विषय माझ्यापुरता संपला. तुमच्यापुरता संपावा म्हणून पुढची हकीकत लिहिते.

रुतिकाला दवाखान्यात मीच नेते. मागच्या खेपेला आम्हाला फार वेळ बसवून ठेवले, म्हणून मी डॉक्टरांना वेळेच्या शिस्तीबद्दल चार शब्द सांगत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मॅडम, तोंड उघडंच आहे तर जरा खुर्चीत बसता का? तुमचा डावा गाल सुजलाय." (मी आठवडाभर लवंग धरून कुणाला कळू दिले नव्हते. ह्यांना तर नाहीच, हे लगेच रजा टाकतात.) अक्कलदाढ निघाली, तीही आडवी झोपलेली. रुतिका म्हणाली, "आत्या, टेन्शन नको घेऊ, मी हात धरते ना." शनिवारी सकाळी दाढ काढली. ती निघताना जो आवाज झाला तो लिहिण्यासारखा नाही. गालात कापसाचा बोळा कोंबून डॉक्टरांनी सांगितले, आज अजिबात बोलायचे नाही. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरले ते मी लक्षात ठेवले आहे.

मी गप्प, म्हणजे घराला धनी नाही. हे थेट तळवलीच्या खाडीवर गेले आणि पिशवीभर चिंबोऱ्या घेऊन आले, एकेक खेकडा तळहाताएवढा. मला पातळ पेज आणि घरभर चिंबोऱ्यांच्या कालवणाचा घमघमाट! मी डोळे वटारून बघत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात थळचे पाहुणे. तळवलीला त्यांच्या नात्यात बारसे होते. इतक्या जवळ आलोच आहोत तर मुलगी बघून जाऊ, असा आजीबाईंचा विचार. आजी मुक्ताबाई, मुलाची आई आणि स्वतः मुलगा धनेश. माझा गाल नारळाएवढा, रुतिका घरातल्या गाऊनवर आणि ह्यांच्या हातात चिंबोरी!

तुमचे पत्र माझ्या डोक्यात पक्के होते. मी ह्यांच्या पलीकडून रुतिकाला खूण केली. बोट ओठांवर ठेवले आणि पाच बोटे मिटून दाखवली, म्हणजे तोंड मीट. ती खूण वाचली ह्यांनी. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ही म्हणत्येय, जेवूनच जा."

वहिनी, होकार कळवल्याशिवाय मुलाकडची माणसे मुलीच्या घरचे अन्न घेत नाहीत, चहा-पोह्यांवर भागवतात, हे ह्यांना ठाऊक नाही असे नाही. मी जोरजोरात मान हलवली. ह्यांनी सांगितले, "फारच आग्रह करत्येय." पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मुलाची आई म्हणाली, "नको, उगाच कशाला." पण मुक्ताबाईंनी स्वयंपाकघराच्या दिशेने दोनदा श्वास घेतला आणि पाटावर बसल्या.

मग सगळे बोलणे तुमच्या लेकीने केले. वाढताना, हसताना, तारा लखलख करत. मुक्ताबाईंनी विचारले, "काय गो पोरी, तोंडान तारंचा कुंपान कशाला घातलाय?" मी डोळे मिटून घेतले. ही म्हणाली, "आजी, दात फार बाहेर हिंडायचे. आता बांधून घातलेत, वर्षभरात वळण लागेल." आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढे नांगी फोडायची वेळ आली. आपण दाताने फोडतो. रुतिकाने वरवंटा आणला, आजींची फोडली, मग स्वतःची, आणि तार कशी तुटते, कडक काय काय खायचे नाही, हे सगळे समजावून सांगितले. धनेश म्हणाला, "मला नको वरवंटा." त्याने नांगी दाढेत धरली, कडकन आवाज झाला, आणि तो गाल धरून बसला. आवाज नांगीचा नव्हता. रुतिका म्हणाली, "आता कळलं? चल, डॉक्टरचा पत्ता देते." त्याची आई म्हणाली, "पन तारा..." मुक्ताबाई हात धुता धुता म्हणाल्या, "तारा हायेत त्या निंगतील. पोर बेस हाय. आन आता जेवलो म्हंजे ठरला ना!"

मी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर तुमच्या पत्राबरहुकूम बोलले असते आणि सगळे बिघडवले असते.

दादाला नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
दमयंती

ता. क. : रुतिका म्हणते, मुलगा बरा वाटतो, पण आधी बी.कॉम., मग तारा निघणार, मग लग्न. मला हे रास्त वाटते. पाहुण्यांना तसे कळवा. धनेशची हरकत नसावी. थळला दातांचे डॉक्टर नसल्यासारखी त्याने वाशीच्या दवाखान्यात वेळ घेतली आहे, आणि नेमकी रुतिकाच्याच दिवशी.

पुन्हा ता. क. : हे दादाला वाचून दाखवू नका. लहानपणी तो मला दातांवरून खवणी म्हणायचा. फोटोत मी कधी हसलेले नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा सगळ्यांना ती माझी शिस्त वाटायची. डॉक्टर उझमांनी माझे बाकीचे दातही तपासले. हिरड्या मजबूत आहेत, वयाची अडचण नाही म्हणाल्या. जखम भरली की माझ्याही तारा बसतील. निघायला दोन वर्षे लागतील, म्हणजे रुतिकाच्या तारा निघाल्यावरही वर्षभर. तेव्हा वहिनी, लग्नाची तारीख तेवढी माझ्या हिशेबाने धरा.