दर बदलणाऱ्या चार ओळी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग गेलेला नाही. आज कुरुंदवाडजवळच्या एका दूध संस्थेत माझं सॉफ्टवेअर बसवलं. तिथल्या सचिवांनी माझ्यासमोर स्वतःच्या हातानं दर बदलला. म्हणून लिहायला बसलोय.

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो तेव्हा दूध संघानं दर बदलला की गावोगावचे सचिव कॉम्प्युटरचा डबा मोटरसायकलला बांधून दुकानात यायचे. दराचं गणित आपल्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पोटात. एक आकडा हलवायचा तरी सगळं पुन्हा कंपाइल करायचं. कुणी खरवस आणायचं, तुम्ही मधोमध बसून एकेकाची फिरकी घ्यायचा. दर बदलून द्यायचा एक रुपयाही घेत नव्हता. मी पुस्तकं वाचून, सगळे रविवार घालवून त्या प्रोग्रॅममध्ये एका छोट्या स्क्रिप्टिंग भाषेचं इंजिन बसवलं. प्रोग्रॅमनं दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागाचा आकडा, आत द्यायचा, चार ओळींच्या स्क्रिप्टनं दर बाहेर द्यायचा. एवढंच. त्या ओळींना बाकीच्या फायलींना हात लावायची मुभा नाही. ओळ चुकली तर जुना दर कायम. तुम्ही मुद्दाम एक कंस गाळून पाहिलात. प्रोग्रॅमनं चुकीची ओळ दाखवली आणि दूध संकलनाची नोंद चालूच राहिली. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

पुढच्या दरबदलाला कुणीच आलं नाही. सचिवांनी गावात बसून चार ओळी बदलल्या. दुकानात आपण दोघंच. चहा मागवलात, प्यायला नाहीत.

नंतर तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. मी शेजारीच उभा आहे आणि तुम्ही सांगताय, "ह्यो कुठं शिकलेला न्हाय. ह्याच्या इंजिनाचा भरवसा न्हाय, दर कधी उलटा पडंल सांगता येत न्हाय. डबं परत हिकडं आणा." एक सचिव म्हणाले, "म्हंजे आमच्या म्हशींवर शिकत हुतास व्हय रं?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, सर. तुम्ही स्वतः तपासलेलं होतंत.

मी दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून निघालो. पुढं किती तरी दिवस कुठल्याही संस्थेत गेलो की आधी तीच म्हशीची थट्टा निघायची.

हे कुठं पाठवणार? पण एक सांगतो. तुम्ही मला एकट्याला बाजूला घेऊन नुसतं म्हणाला असतात, "दुकान ओस पडलंय, काढ ते इंजिन," तर मी कारणही न विचारता काढलं असतं.